टपाल आणि हस्ते

अप्पा बळवंत चौकातल्या एका पुस्तकांच्या दुकानात लाल कापडी बांधणीची एक जुनी जावक वही जपून ठेवलेली आहे. पानं पिवळी पडली आहेत, शाई तपकिरी झाली आहे. तिच्या समासात प्रत्येक ओळीपुढे एकच अक्षर आहे, कुठे 'ट' तर कुठे 'ह'. ही गोष्ट त्या दोन अक्षरांची आहे.

दुकान फार मोठं नाही. रस्त्याच्या बाजूला काउंटर, त्यामागे माळ्याला टेकलेली फडताळं आणि त्याही मागे जुन्या वाड्याच्या दोन खोल्यांत गोदाम. पेशवाईतल्या अप्पा बळवंत मेहेंदळ्यांच्या नावाचा हा चौक आज पुस्तकांचा चौक म्हणूनच ओळखला जातो. जूनमध्ये शाळेच्या याद्या हातात धरून आईबाप इथे काउंटरला खेटून उभे असतात. यादी आत जाते, एक जण ती मोठ्याने वाचतो, माळ्यावरचा वरून पुस्तकं सोडतो, खालचा झेलतो, आणि गिऱ्हाइकाने पाकीट काढेपर्यंत गठ्ठा सुतळीने आवळून समोर येतो. वर्षानुवर्षं एकमेकांच्या हाताला हात लावून काम केल्याशिवाय हे जमत नाही. मला ते नेहमी उभं राहून बघावंसं वाटतं.

दुकानाचे मालक अण्णा, सत्तरी ओलांडलेले. मुलाने नोकरी धरली. दुकानात जीव रमला तो सुनेचा. चार वर्षांपूर्वी तिने दुकानाची वेबसाइट काढली, तेव्हा अण्णांनी तिला मनापासून मोकळीक दिली. म्हणाले, "सूनबाई, ऑनलाइनचं तुझं, काउंटरचं माझं. मी तुझ्यात लुडबुड करणार नाही."

त्यांचा हेतू चांगला होता. सासऱ्याने प्रत्येक गोष्टीत नाक खुपसलं की सुनेचा हुरूप जातो, हे त्यांनी आजूबाजूच्या दुकानांत पाहिलं होतं. पण मालकाच्या तोंडून निघालेलं वाक्य नोकरांच्या कानांत फार खोल जातं. हळूहळू गोदामाच्या दोन खोल्या ऑनलाइनच्या झाल्या, पुढचा भाग काउंटरचा झाला. फडताळं वाटली गेली, गल्ले वाटले गेले, माणसं वाटली गेली. पार्सल बांधणारी दोन मुलं मागे, गिऱ्हाईक बघणारी तीन मुलं पुढे. एकाच छपराखाली दोन दुकानं उभी राहिली आणि मधली भिंत कुणालाच दिसली नाही. दिसण्याचं कारणही नव्हतं, कारण तोवर येणारी प्रत्येक ऑर्डर एक तर पूर्ण पार्सलने जायची किंवा पूर्ण दुकानातून नेली जायची.

मग बाईंची ऑर्डर आली.

बाई म्हणजे वेल्ह्याच्या पुढे, तोरण्याच्या पायथ्याच्या एका वाडीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या शिक्षिका. १५ ऑक्टोबर हा डॉ. अब्दुल कलामांचा जन्मदिवस महाराष्ट्रातल्या शाळांत वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. त्यासाठी गावाने लोकवर्गणी काढली होती. कुणी पन्नास दिले, कुणी शंभर. त्या पैशांत अडतीस गोष्टींची पुस्तकं, पृथ्वीचा एक गोल आणि लाकडी पट्ट्यांचा, भिंतीवर टांगायचा महाराष्ट्राचा नकाशा घ्यायचा ठरला. त्याच आठवड्यात शनिवारी बाईंना प्रशिक्षणासाठी पुण्याला यायचं होतं. त्यांनी साधा विचार केला. पुस्तकं जड, ती टपालाने शाळेत यावीत. गोल नाजूक आणि नकाशा लांबडा, ते दोन्ही आपण दुकानातून स्वतः घेऊन एसटीत मांडीवर धरून आणावेत. कुठल्याही शहाण्या गृहिणीने केली असती अशीच ही वाटणी होती.

साइटवर मात्र दोनच पर्याय होते, 'घरपोच' आणि 'दुकानातून घेईन'. एकावर खूण केली की दुसऱ्यावरची आपोआप जायची. बाईंनी दोन-तीनदा करून पाहिलं. शेवटी 'घरपोच' निवडलं आणि खालच्या 'सूचना' या चौकटीत नीट लिहिलं: पुस्तके शाळेच्या पत्त्यावर पाठवावीत. गोल व नकाशा मी शनिवारी दुकानात येऊन नेईन, कृपया बाजूला काढून ठेवावे.

साइटने हिशेब केला तो सगळ्याच मालाचा. इथे कुरियरचं एक गणित सांगायला हवं, कारण ते फार थोड्या गिऱ्हाइकांना माहीत असतं. मोठ्या पण हलक्या खोक्याचं भाडं तराजूवरच्या वजनाने लागत नाही, ते जागेने लागतं. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५,००० ने भागायचं, म्हणजे आकारमानाचं वजन मिळतं. गोलाचं खोकं ३६ बाय ३६ बाय ४२ सेंटिमीटरचं होतं. आतला गोल दीड किलोचाही नव्हता, पण हिशेबात तो जवळजवळ ११ किलो भरला. त्या खोक्यात बहुतांश हवा होती, आणि जी वस्तू बाई स्वतःच्या हातांनी नेणार होत्या तिच्या भोवतीच्या हवेचं भाडं वाडीवरच्या लोकांच्या वर्गणीतून कापलं गेलं.

मागच्या खोलीत ऑर्डरचा कागद छापून निघाला. सूचना तळाशी बारीक अक्षरांत होती. बांधणाऱ्या दोघांपैकी एकाने ती वाचली होती, हे नंतर त्याने स्वतः सांगितलं. पण बाजूला काढून ठेवायचं म्हणजे काउंटरच्या फडताळात ठेवायचं, आणि काउंटरचं फडताळ त्याचं नव्हतं. कागदावर ठळक अक्षरांत 'घरपोच' होतं. त्याने सगळं बांधलं आणि पाठवलं.

शनिवारी प्रशिक्षणाच्या जेवणाच्या सुट्टीत बाई निघाल्या. स्वारगेटहून मेट्रोने मंडईला उतरल्या आणि गर्दीतून वाट काढत पाऊण वाजता दुकानात पोचल्या. दिवाळी तोंडावर आलेली, लक्ष्मी रस्ता माणसांनी फुललेला. दुकान एक वाजता बंद व्हायचं होतं, ते चारला उघडणार होतं आणि तोवर बाईंची सुट्टी संपणार होती.

"माझी ऑर्डर आहे. गोल आणि नकाशा."

काउंटरवरच्या मुलाने मोबाइलवरचा नंबर बघितला. "ऑनलाइनचं आमच्याकडे नाही, मॅडम. मागे विचारा."

बाई बोळातून मागे गेल्या. तिथला मुलगा पट्टी चिकटवत होता. "ती ऑर्डर गेली की परवाच."

"पण मी लिहिलं होतं, मी येऊन नेईन म्हणून."

"सिस्टिमला घरपोच आहे मॅडम. दुकानातून न्यायचं आमच्याकडे नाही, ते काउंटरचं."

बाई पुन्हा पुढे आल्या. काउंटरच्या काचेच्या कपाटात अगदी तसाच एक गोल ठेवलेला त्यांना दिसला. त्यांनी विचारलं, "पार्सलमधला गोल मी परत पाठवते. हा आत्ता द्याल का?"

"हा काउंटरचा आहे. याचं वेगळं बिल होईल."

वेगळ्या बिलाचे पैसे त्यांच्याकडे नव्हते. वर्गणी मोजून आणलेली होती. शटर अर्धं खाली आलं, तेव्हा बाई रिकाम्या हातांनी मंडईच्या दिशेने चालू लागल्या होत्या. त्यांच्याशी कुणी उद्धटपणे बोललं नव्हतं. दोन्ही मुलांनी आपापलं काम नेमून दिल्याप्रमाणे केलं होतं. मला या गोष्टीतली हीच जागा सगळ्यांत दुखरी वाटते.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर दुकानात एक पत्र आलं. अण्णांनी ते चष्मा पुसून सुनेला मोठ्याने वाचून दाखवलं.

"स.न.वि.वि. पुस्तके सर्व मिळाली, अडतीसच्या अडतीस. मुलांनी वाचायलाही घेतली. पृथ्वीचा गोल मात्र येताना चेपला. मुंबईच्या पश्चिमेला अंगठा जाईल एवढे भोक पडले आहे. पैसे परत मागण्यासाठी हे पत्र लिहीत नाही. एवढेच कळवायचे होते की, तुमच्या दुकानात मला दोघांनी 'ते आमच्याकडे नाही' असे सांगितले. मी दोन दुकानांत गेले नव्हते. माझी मागणी एकच होती."

अण्णांनी पत्राची घडी घातली. पुन्हा उघडून शेवटच्या दोन ओळी मनातल्या मनात वाचल्या. सूनबाई उठली, मागच्या खोलीकडे निघाली. अण्णांनी तिला थांबवलं.

"पोरांना बोलू नकोस. 'आमच्याकडे नाही' हे वाक्य त्यांचं नाही, माझं आहे. 'ऑनलाइनचं तुझं, काउंटरचं माझं' असं म्हणालो होतो ना मी? ते वाक्य फिरत फिरत त्या बाईंपर्यंत गेलं."

तिने साइट बांधून देणाऱ्या मुलाला फोन लावला. आवाजात राग होताच. त्याने शांतपणे सांगितलं, "वहिनी, कार्टला एकच पत्ता आणि एकच पद्धत लावून दिली होती, कारण दोन्ही वेगळं ठेवायचं असं तुम्हीच म्हणाला होता. दुकान जसं सांगितलंत तसं मी बांधलं. वस्तूगणिक पद्धत लावता येते, पण मग मागे तुम्हाला माल एकत्र ठेवावा लागेल. तो ठेवता का?"

या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नव्हतं. तिने त्या रात्री स्वतःच्या साइटवर गिऱ्हाईक होऊन बसून पाहिलं. नाव विचारतं, फोन विचारतं, पत्ता विचारतं, पिन कोड विचारतं, सगळं एकदाच. सहा आकड्यांचा हा पिन कोड आखला श्रीराम भिकाजी वेलणकर या टपालखात्यातल्या मराठी अधिकाऱ्याने, जो संस्कृतचा पंडित आणि नाटककारही होता. १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो लागू झाला आणि कोट्यवधी पत्रांना वाट मिळाली. पुणे शहराचे पिन कोड ४११ ने सुरू होतात, आसपासच्या बऱ्याच गावांचे ४१२ ने. इतकी नेटकी व्यवस्था, पण पिन कोड सांगतो तो पार्सलने कुठे जायचं ते. माणूस कुठे येणार आहे, हे त्याला कळत नाही. ते दुकानानेच विचारायचं असतं, आणि तिच्या साइटने ते विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एक वाजता शटर ओढल्यावर अण्णा शिडी लावून माळ्यावर चढले. सुनेने नको म्हटलं तरी चढले. खाली आले ते लाल वही घेऊन.

ही वही त्यांच्या वडिलांची. त्या काळात पुण्याची पुस्तकं खानदेशात, वऱ्हाडात, बेळगाव-धारवाडकडे जायची ती व्हीपीने. टपालखात्याने १८७७ साली ही पद्धत काढली, म्हणजे पार्सल पोस्टमनने न्यायचं, गिऱ्हाइकाने पैसे भरून सोडवून घ्यायचं आणि ते पैसे दुकानदाराला यायचे. आज मोबाइलवर वस्तू मागवून दारात पैसे देणारी पिढी आजोबांचीच पद्धत वापरते आहे. 'व्हीपी सोडवली का?' हा प्रश्न त्या काळी घराघरांत विचारला जायचा.

अण्णांनी एक पान उघडलं. अंमळनेरच्या एका वाचकाची नऊ पुस्तकांची मागणी. वर क्रमांक एकच. खाली नऊ ओळी. पाच ओळींपुढे समासात 'ट', चार ओळींपुढे 'ह'. 'ट' म्हणजे टपाल. 'ह' म्हणजे हस्ते, आणि त्यापुढे लिहिलं होतं 'भाचा, फर्ग्युसन'. अंमळनेरच्या मामाने पाच पुस्तकं स्वतःसाठी टपालाने मागवली होती आणि चार कॉलेजात शिकणाऱ्या भाच्याला दुकानातून द्यायला सांगितली होती. पानाच्या उजव्या कडेला शेवटचा रकाना होता, 'पोच'. पाच ओळींपुढे एक तारीख, चार ओळींपुढे दुसरी. आणि दोन्ही तारखा भरल्यावरच सगळ्या पानावर तिरपी रेघ मारलेली.

सूनबाई बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "अण्णा, यांनी अक्षर ऑर्डरला लावलेलं नाही. एकेका पुस्तकाला लावलंय."

"आणि रेघ मारलीय ती ऑर्डरला," अण्णा म्हणाले.

एवढं दोन वाक्यांत सापडलं, पण ते दुकानात उतरवायला तीन आठवडे गेले. सगळ्यांत अवघड काम संगणकाचं नव्हतंच, फडताळांचं होतं. दोन्हीकडचा माल पुन्हा एक करायचा म्हटल्यावर पुढची मुलं कुरकुरली: ऑनलाइनवाल्यांनी काढलं तर उभ्या गिऱ्हाइकाला आम्ही काय देऊ? मागची मुलंही कुरकुरली: काउंटरने शेवटची प्रत विकली आणि इकडे ऑर्डर येऊन पडली तर? दोघांचंही म्हणणं खरं होतं. उपाय निघाला तो साधाच. ऑर्डर आली की ती वस्तू त्या क्षणी फडताळातून काढायची, तिला चिठ्ठी बांधायची आणि राखीव कप्प्यात ठेवायची. मगच ती मोजणीतून कमी करायची. काढून हातात घेतलेली नसेल तर गिऱ्हाइकाला 'तयार आहे' असं सांगायचं नाही, मग आकडा काहीही दाखवो.

पैशांचाही गुंता सुटला. टपालाचा खर्च आता फक्त 'ट' ओळींवर लागू लागला. त्यातच त्यांना टपालखात्याची ज्ञान पोस्ट नावाची नवी सेवा वापरता आली. १ मे २०२५ पासून सुरू झालेल्या या सेवेत शैक्षणिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकांचं ३०० ग्रॅमपर्यंतचं पुडकं २० रुपयांत आणि ५ किलोपर्यंतचं १०० रुपयांत जातं, वर कर. बाईंची अडतीस पुस्तकं साडेनऊ किलोची होती. दोन गठ्ठ्यांत ती दोनशे रुपये आणि करात वाडीवर गेली असती. पण गोल त्याच खोक्यात घुसला, पुस्तकांचं पार्सल पुस्तकांचं उरलं नाही आणि सगळंच महाग वाटेने गेलं. दोन वाटा एकत्र बांधल्या की दोन्हींची सवलत जाते, हे तिने त्या दिवशी कागदावर हिशेब मांडून मुलांना दाखवलं.

एका मुद्द्यावर मात्र सासऱ्या-सुनेचं वाजलं. गिऱ्हाइकाने दुकानातून न्यायची वस्तू आज तयार आहे आणि टपालाचं पुस्तक प्रकाशकाकडून यायला आठ दिवस आहेत, तर कळवायचं कधी? सूनबाईचं म्हणणं, सगळं जमल्यावर एकदाच कळवू, लोक अर्धवट निरोपांनी गोंधळतात. अण्णा ऐकेनात. "ज्याला उद्या पुण्याला यायचंय त्याला आठ दिवसांनी कळवून काय उपयोग? अर्धं तयार असेल तर अर्धं तयार आहे असंच सांगायचं. पण अर्धं आहे हे स्पष्ट सांगायचं आणि उरलेलं कधी, तेही सांगायचं." शेवटी तिने मान्य केलं. मला अण्णांचं म्हणणं पटतं. गोंधळ उडतो तो न सांगितल्यामुळे. खरं ते अर्धं सांगितल्याने कुणी गोंधळत नाही.

नव्या पद्धतीची पहिली परीक्षा नोव्हेंबरात झाली आणि त्यात दुकान पुन्हा चुकलं. बेळगावच्या एका वाचकाने दिवाळी अंक मागवले. १९०९ साली 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणसाची दिवाळी अंकाशिवाय पुरी होत नाही, मग तो सीमेच्या कुठल्याही बाजूला असो. त्याने सहा अंक बेळगावला मागवले आणि दोन सदाशिव पेठेत राहणाऱ्या आपल्या आईसाठी दुकानात ठेवायला सांगितले. आईला जिने उतरवत नव्हते, तेव्हा तिच्या शेजारचा मुलगा येऊन नेणार होता. सहा ओळींपुढे 'ट', दोन ओळींपुढे 'ह', आणि 'हस्ते शेजारी' अशी नोंद. सगळं नीट झालं. निरोपही गेला: आपले अंक तयार आहेत. शेजारचा मुलगा दुपारी दोन वाजता आला आणि बंद शटरसमोर उभा राहून परत गेला.

दुकान दुपारी एक ते चार बंद असतं, हे दुकानातल्या सगळ्यांना इतकं माहीत होतं की ते निरोपात लिहायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. संध्याकाळी ही गोष्ट कळली तेव्हा काउंटरवरचा तोच मुलगा पुढे झाला, ज्याने बाईंना 'आमच्याकडे नाही' असं सांगितलं होतं. तो म्हणाला, "अण्णा, माझ्या जायच्या वाटेवरच आहे, मी देऊन जातो." त्याने अंक सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर नेऊन दिले. म्हातारीने त्याला चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने येऊन स्वतःच्या अक्षरात कागदावर 'पोच' लिहिलं. कुणी सांगितलं नव्हतं. निरोपातही त्या दिवसापासून वेळ लिहिली जाते: सकाळी या किंवा चारनंतर या, सात दिवस आपली वस्तू राखून ठेवू, येणं जमणार नसेल तर कळवा, टपालाने पाठवू.

बाईंचा कागद मात्र अजून टेबलावरच होता. सूनबाई म्हणाली, नवा गोल नीट बांधून पाठवून देऊ. अण्णा म्हणाले, "त्यांनी गोल टपालाने मागितलाच नव्हता. त्यापुढे 'ह' आहे. हस्ते मी."

नोव्हेंबरच्या अखेरीस एका सकाळी ते स्वारगेटला एसटीत बसले. काचेच्या कपाटातला तो गोल मांडीवर होता, तोच, ज्याचं वेगळं बिल होणार होतं. नसरापूरहून गाडी आत वळली तसा तोरणा दिसू लागला. वेल्ह्याला उतरून पुढे वडापने आणि शेवटचा चढ पायी. या वयात त्यांनी हे करायला नको होतं असं मुलगा नंतर म्हणाला. त्यांनी उत्तर दिलं नाही.

शाळा दोन खोल्यांची. नकाशा भिंतीवर लागलेला होता, एक पट्टी वाकलेली. अडतीस पुस्तकं दोरीवर टांगलेली, मुलांना हात पोचेल अशी. आणि टेबलावर तो चेपलेला गोल. मुंबईच्या पश्चिमेच्या भोकावर मुलांनी कागदाचा तुकडा चिकटवून त्यावर शिडाची होडी काढली होती.

अण्णांनी नवा गोल शेजारी ठेवला आणि बाईंच्या हातात एक पाकीट दिलं. त्यात गोल आणि नकाशाचं कापलेलं भाडं होतं, पैशापैशाचा हिशेब लिहिलेल्या चिठ्ठीसह. म्हणाले, "बाई, हे तुमच्या गावाचे आहेत. आम्ही घ्यायला नको होते."

बाई म्हणाल्या, "अहो, एवढ्या लांब तुम्ही स्वतः कशाला आलात? पाठवलं असतंत तरी चाललं असतं."

"चाललं नसतं," अण्णा म्हणाले. "त्या दिवशी तुम्ही आमच्या दारात आला होता आणि आम्ही तुम्हाला आमच्याच दुकानात दोन दारं फिरवलं. मागणी एकच होती, हे तुम्हाला पत्र लिहून सांगावं लागलं. ते आमचं आम्हाला कळायला हवं होतं."

त्यांनी जुना गोल परत नेण्याची तयारी दाखवली. मुलं गप्प झाली. एका मुलीने होडीवर हात ठेवला. बाई हसल्या, म्हणाल्या, राहू दे. मग अण्णांनी खिशातून ऑर्डरचा घडी घातलेला कागद काढला. अडतीस ओळींपुढे 'ट' होतं आणि पोच लिहिलेली होती. उरलेल्या दोन ओळींपुढे पेनाने 'ह' काढलेलं होतं. नकाशाच्या ओळीपुढे बाईंनी तारीख घातली, गोलाच्या ओळीपुढे घातली आणि खाली सही केली.

परतीच्या एसटीत अण्णांनी त्या कागदावर वडिलांसारखी तिरपी रेघ मारली. रेघ गाडीच्या धक्क्याने हलली आहे. तो कागद आता लाल वहीत, अंमळनेरच्या पानाशेजारी ठेवलेला आहे. दुकानाच्या प्रत्येक ऑर्डरवर आज दोन रकाने असतात, टपाल आणि हस्ते, आणि दोन्हींपुढे 'पोच' लिहिल्याशिवाय तिथला एकही कागद फाइलीत जात नाही.